सगळ्यात जुना धर्म कोणता? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या अंकात आजही पाळल्या जाणाऱ्या जुन्या धर्मांवर एक छोटी चौकट छापली होती. हिंदू, पारशी, ज्यू आणि जैन एवढीच नावं आणि प्रत्येकाबद्दल दोन-दोन ओळी. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की हे अख्खं सदर त्यालाच द्यावं लागतंय. नावं काढून फक्त गावं ठेवली आहेत.

प्रश्न : चौकटीत चार धर्म दिलेत पण पहिला नंबर कोणाचा ते लिहिलंच नाही. आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन दिवस वाद चालू आहे, एकदाचं सांगून टाका. (कराड)

दादा, नंबर मुद्दामच दिला नव्हता. कशाचं वय मोजायचं ते आधी ठरवल्याशिवाय नंबर देताच येत नाही. लिहिलेला सगळ्यात जुना पुरावा धरला तर इजिप्त आणि इराक पुढे जातात, पण ते धर्म आज पाळणारं कोणी उरलेलं नाही. संस्थापक कधी होऊन गेला ते धरलं तर हिंदू धर्माला तसा एक संस्थापकच नाही. मोहेंजोदडोचे शिक्के धरावेत तर ती लिपी अजून वाचता आलेली नाही, त्यामुळे त्यावरची आकृती शंकराचीच असं छातीठोकपणे मी तरी सांगणार नाही.

माझ्या मते बघायचं ते एवढंच, की आज कोणाच्या तरी हातून किंवा तोंडून होणारी गोष्ट मध्ये न तुटता किती मागे जाते. ह्या हिशेबाने ज्यांच्याकडे ग्रंथ आहेत त्यांच्यात दोन परंपरा सगळ्यात पुढे येतात, आपली वैदिक आणि पारशांची जरथुष्ट्री, आणि दोघींत पहिली कोण ह्यावर भांडण्यात अर्थ नाही. ऋग्वेदाची १०२८ सूक्तं साधारण इ.स.पू. १५०० ते १००० ह्या काळात रचली गेली असं बहुतेक अभ्यासक मानतात. पारशांचा प्रेषित जरथुष्ट्र, त्याच्या १७ गाथांची भाषा ऋग्वेदाच्या भाषेच्या इतकी जवळची आहे की बरेच भाषातज्ज्ञ त्या साधारण त्याच काळात टाकतात, काही जण मात्र जरथुष्ट्राला पार इ.स.पू. सहाव्या शतकापर्यंत खाली आणतात.

आता हे फक्त पुस्तकातलं नाहीये बरं का. लग्नात पाणिग्रहणाला गुरुजी नवऱ्या मुलाला मुलीचा हात धरायला लावतात आणि "गृभ्णामि ते सौभगत्वाय हस्तं" म्हणतात, ते ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या ८५व्या सूक्तातलं आहे. कराडच्या एखाद्या मंगल कार्यालयात बाहेर जेवणाच्या पंगतीची घाई चाललेली असते, फोटोग्राफर गुरुजींना "जरा थांबा, परत एकदा" म्हणत असतो आणि गुरुजी जे परत म्हणतात ते वाक्य कमीत कमी ३००० वर्षं लग्नात म्हटलं जातंय. मला ह्याचं फार अप्रूप वाटतं. पण त्याचबरोबर हेही लक्षात घ्या की विठोबा, खंडोबा, गणपती आज ज्या रूपात आपण भजतो त्या रूपात ऋग्वेदात सापडत नाहीत, आणि ऋग्वेदात ज्याची सगळ्यात जास्त स्तुती आहे त्या इंद्राचं देऊळ आपल्याकडे शोधत फिरावं लागतं. तेव्हा "हिंदू धर्म अमुक हजार वर्षांचा" असा एकच आकडा फॉरवर्ड करू नका, त्यात वेगवेगळ्या वयाचे बरेच थर आहेत.

प्रश्न : हजारो वर्षं फक्त तोंडपाठ ठेवून एखादा ग्रंथ जसाच्या तसा राहील हे पटत नाही. चार माणसांत निरोप फिरला तरी बदलतो. (पुणे)

शंका रास्त आहे ताई. म्हणूनच तर वेद पाठ करणाऱ्यांनी चूक पकडायची व्यवस्था पाठ करण्याच्या पद्धतीतच बसवून टाकली. आधी सलग संहिता पाठ करायची, मग संधी सोडवून एकेक शब्द सुटा म्हणायचा, तो पदपाठ. त्याच्या पुढे क्रम, जटा आणि घन. घनपाठात पहिले तीन शब्द घेतले तर ते १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३ असे म्हणायचे, मग एक शब्द पुढे सरकून २-३, ३-२, २-३-४, ४-३-२, २-३-४, असं करत अख्खी ऋचा. सुलटं, उलटं, परत सुलटं, आणि दर वेळी शेजारचा शब्द बदलला की संधी बदलतो, स्वर बदलतो, त्यामुळे एखादं अक्षर सटकलं तर लगेच अडखळायला होतं आणि समोर बसलेल्याच्या कानाला ते खटकतंच. ज्याला हे सगळं येतं तो घनपाठी, आणि त्यासाठी लहानपणापासून पुढची कित्येक वर्षं जातात.

तुमच्याच गावातलं एक सांगते. भांडारकर संस्थेतल्या ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांना युनेस्कोने २००७ साली जागतिक स्मृतीच्या यादीत घेतलं, त्यातलं सगळ्यात जुनं १४६४ सालचं आहे. म्हणजे कागद तसा अलीकडचा, त्याच्या आधीची दोन-अडीच हजार वर्षं भिस्त मुख्यतः गळ्यावर आणि कानावर. आणि ऋग्वेदातले देव खरंच तेव्हाचे आहेत ह्याचा बाहेरचा पुरावाही आहे, तुर्कस्तानात बोगाझकोय इथे सापडलेल्या एका तहाच्या मजकुरात हित्ती आणि मितन्नी ह्या तिकडच्या जुन्या राज्यांच्या राजांनी साधारण इ.स.पू. १३५० च्या सुमारास जे देव साक्षीला ठेवलेत त्यात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य म्हणजे अश्विनीकुमार आहेत. भारतापासून इतक्या लांब, मातीच्या विटेवर.

ह्यात एक बोचणारी गोष्ट आहे ती पण लिहितेच. ही एवढी अचाट विद्या शेकडो वर्षं ठरावीक घरांतल्या फक्त मुलांना दिली गेली, बायका आणि बाकी सगळा समाज बाहेर. कौतुक करताना हे विसरून चालणार नाही.

प्रश्न : उदवाड्याला गेलो होतो, पारशी देवळात आत सोडत नाहीत. आतली आग हजार-बाराशे वर्षं विझलेली नाही म्हणतात, हे खरं का? आणि आगीची पूजा कशासाठी? (बोरिवली)

आधी दुसऱ्याचं उत्तर. ते पूजतात अहुरमज्दाला, म्हणजे त्यांच्या परमेश्वराला, अग्नी हे त्याचं पवित्र रूप म्हणून समोर असतो. कोणी "अग्निपूजक" म्हटलं की पारशी मंडळींना ते रुचत नाही आणि त्यांचं बरोबर आहे.

उदवाड्याची आग म्हणजे इराणशाह, सगळ्यात वरच्या दर्जाची, आतशबेहराम. अशा भारतात फक्त आठ आहेत, चार मुंबईत, दोन सुरतेला, एक नवसारीला आणि एक उदवाड्याला. आपण सर्रास जिला अगियारी म्हणतो ती ह्याच्या खालची पायरी. आतशबेहराम पेटवायला एक काडी ओढून भागत नाही, सोळा ठिकाणचे अग्नी गोळा करावे लागतात. कुंभाराच्या भट्टीतला, सोनाराचा, लोहाराचा, भटारखान्यातला, राजाच्या घरचा, चितेतला, आणि वीज पडून लागलेल्या आगीतला पण. आता चितेचा अग्नी तर त्यांच्या दृष्टीने अशुद्ध, मग तो शुद्ध कसा करायचा, तर भोकं असलेल्या पळीत चंदनाचे तुकडे ठेवून ती त्या आगीच्या वर अधांतरी धरायची, ज्योतीला टेकवायची नाही, नुसत्या धगीने चंदन पेटलं की तो झाला नवा अग्नी, मग त्याच्यावर परत तसंच, आणि हे ९१ वेळा! सोळाही अग्नी असे शुद्ध करून, प्रार्थना म्हणून, शेवटी एकत्र करतात. मला ह्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे कुंभार, लोहार, राजा आणि मेलेला माणूस सगळे एकाच ज्योतीत येतात.

बाराशे वर्षांचं म्हणाल तर, पारशी परंपरा सांगते की इराणमधून आलेल्यांनी संजाणला ही आग स्थापन केली. ही हकिकत ज्या काव्यात आहे तो 'किस्सा-ए-संजाण' लिहिला गेला १६०० च्या सुमारास, म्हणजे घटनेनंतर कित्येक शतकांनी, त्यामुळे नेमकं साल आठव्या शतकातलं की दहाव्या त्यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पुढे संजाणवर हल्ला झाला तेव्हा दस्तुरांनी, म्हणजे पारशी धर्मगुरूंनी, आग घेऊन बाहरोटच्या डोंगरावर आसरा घेतला, किस्सा म्हणतो १२ वर्षं. हे बाहरोट आपल्या पालघर जिल्ह्यात आहे, बोर्डी-घोलवडच्या बाजूला. तिथून बांसदा, नवसारी, सुरत, वलसाड असं करत १७४२ साली ती उदवाड्याला आली आणि तेव्हापासून तिथेच आहे. दिवसाच्या पाच प्रहरांत पाच वेळा मोबेद, म्हणजे पुजारी, आत जाऊन चंदन वाहतात, घंटा वाजवतात, प्रार्थना म्हणतात. ह्यात सुट्टी नाही, साथ आली म्हणून बंद नाही, कोणीतरी रात्री उठायलाच हवं.

आत सोडत नाहीत म्हणून वाईट वाटून घेऊ नका. इराणमध्ये यज्दच्या आतशबेहराममध्ये मात्र काचेच्या पलीकडून बाहेरच्यांना बघता येतं, तिथली आग इ.स. ४७० पासून जळतेय असं तिथले लोक सांगतात.

आणि आता काळजीचं. २००१ च्या जनगणनेत भारतात ६९,६०१ पारशी होते, २०११ मध्ये ५७,२६४. बाहेर लग्न केलेल्या मुलींच्या मुलांना धर्मात घ्यायचं की नाही ह्यावरून समाजात कडाक्याचा वाद आहे, संख्या घटू नये म्हणून सरकारने २०१३ साली 'जियो पारसी' योजना आणली. हा त्यांच्या घरचा प्रश्न आहे, बाहेरून सल्ले द्यायचे नाहीत हे कळतं, तरी जीव तुटतो. ज्यांनी मुंबई उभी केली त्यांच्या अगियारीत चंदन वाहायला माणूस मिळू नये असं कोणाला वाटेल?

प्रश्न : आमच्या अलिबागच्या इस्रायल आळीत ज्यूंचं देऊळ आहे, आजोबा त्यांना शनवार तेली म्हणायचे. हे लोक इथे कधी आले? आणि ते ख्रिश्चनांपेक्षा जुने का? (अलिबाग)

हो, पुष्कळ जुने. ज्यू धर्माच्या जुनेपणाचं एकच उदाहरण देते. १९७९ साली जेरुसलेमजवळ एका थडग्यात चांदीच्या पातळ पत्र्याच्या दोन सुरळ्या सापडल्या, विडीएवढ्या, गळ्यात बांधायच्या ताइतासारख्या. त्या न मोडता उलगडायलाच वर्षं गेली आणि उलगडल्यावर मोठी सुरळी जेमतेम १० सेंटिमीटरची. तिच्यावर खरवडलेला आशीर्वाद होता, "परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो". त्या सुरळ्या साधारण इ.स.पू. ६०० च्या. आणि हाच आशीर्वाद आजही सिनेगॉगमध्ये म्हणतात आणि दर शुक्रवारी संध्याकाळी कित्येक ज्यू घरांत आईबाप मुलांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतात.

तुमच्याकडच्या बेने इस्रायल लोकांची परंपरा अशी, की त्यांच्या पूर्वजांचं जहाज नवगावजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीचे तिथेच पुरले. ग्रंथ, कागद सगळं बुडालं. मग कोकणातल्या गावांत ते तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली. आडनावं गावावरून, पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर. त्यांच्याजवळ उरलं काय, तर शनिवारची सुट्टी, मुलांची सुंता, काही खाण्यापिण्याचे नियम, काही सण आणि 'शेमा' ही एक प्रार्थना. नेमकं कधी आले ह्यावर एकमत नाही, पण एवढ्याशा शिदोरीवर त्यांनी शेकडो वर्षं आपला धर्म टिकवला हे तर दिसतंच आहे. पुढे बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावर बाकीचं परत शिकून घेतलं, आणि १७९६ साली मुंबईत मशीद बंदरला त्यांचं पहिलं सिनेगॉग झालं.

अलिबागकर म्हणून तुम्हाला मलिदा माहीत असेलच. पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडा, सुका मेवा, बाजूला फळं असं ताट मांडून एलियाहू हनाबी ह्या प्रेषिताच्या नावाने प्रार्थना म्हणायची, नवस फेडायचा. हे जगातल्या दुसऱ्या ज्यूंकडे अशा रूपात नाही, हे कोकणातलं. अलिबाग तालुक्यात खडकावर ज्या खुणा आहेत त्या एलियाहूच्या रथाच्या म्हणतात, त्या जागेचं नावच एलियाहू हनाबीचा टापा. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले, पण तिथेही त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं. कोकणातून गेलेली माणसं वाळवंटातल्या दिमोना, बीरशेवाला मलिदा करतायत, मला हे वाचूनच भरून येतं.

प्रश्न : इजिप्त आणि ग्रीसचे देव ह्यांच्यापेक्षा जुने नाहीत का? आजकाल लोक परत त्यांची पूजा करतात असं यूट्यूबवर बघितलं. (नाशिक)

जुने आहेत, पण धागा तुटला. इजिप्तमध्ये चित्रलिपीत कोरलेला शेवटचा लेख फिले बेटावरच्या देवळात आहे, तारखेसकट, २४ ऑगस्ट ३९४. त्यानंतर ती लिपी वाचणारा कोणी राहिला नाही, ती परत वाचता आली एकोणिसाव्या शतकात. आज जे करतात ते पुस्तकं वाचून नव्याने उभं केलेलं आहे, आइसलँडमध्ये तर जुन्या नॉर्स देवांच्या अशा पंथाला १९७३ पासून सरकारी मान्यता आहे. ते मनापासून करतात, त्याबद्दल काही म्हणायचं नाही, फक्त त्याला अखंड परंपरा म्हणता येत नाही.

प्रश्न : जैन धर्म चौकटीत शेवटी का? महावीर बुद्धाच्या काळातले असले तरी आमचे ते चोविसावे तीर्थंकर आहेत. (इचलकरंजी)

क्रम काही मोठ्या-छोट्याचा नव्हता, पण मुद्दा बरोबर आहे. तेविसावे तीर्थंकर पार्श्वनाथ हे ऐतिहासिक व्यक्ती असावेत असं बरेच इतिहासकार मानतात, म्हणजे महावीरांच्या आधीपासून ही परंपरा होती. आपल्याकडचा पुरावा बघायचा तर कामशेतजवळ पाले गावाच्या लेण्यात ब्राह्मी लेख आहे, त्याची सुरुवातच "नमो अरहंतानं" अशी. दोन हजार वर्षांपूर्वीचा. णमोकार मंत्र म्हणणाऱ्या कोणालाही तो शब्द शिकवावा लागणार नाही. भारतात सगळ्यात जास्त जैन महाराष्ट्रात आहेत, २०११ च्या जनगणनेत साधारण १४ लाख.

प्रश्न : मी जव्हार भागातल्या शाळेवर शिक्षक आहे. तुमच्या यादीत ग्रंथवाले धर्म तेवढे दिसले. आमच्या मुलांचे देव जुने नाहीत का? (जव्हार)

गुरुजी, तुमचं पत्र वाचून चौकट अपुरी होती हे मनापासून पटलं.

वारली घरातलं लग्न घ्या. भिंतीवर लग्नाचा चौक लिहितात सवाशिणी, मधे पालघट देवी, आणि लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाईच. ती गाणी म्हणते, त्या गाण्यांतच सगळा विधी, पोथी नाही. वर मी वेदांबद्दल बायका बाहेर राहिल्या असं लिहिलंय, इथे सगळं बाईच्याच गळ्यावर आहे. कणसरी ही धान्याची देवी, पाऊस आणणारा नारनदेव, आणि वेशीवर वाघोबा, लाकडाच्या किंवा दगडाच्या फळीवर वाघ आणि वर चंद्र-सूर्य कोरलेले, वाघबारशीला त्याला मान द्यायचा म्हणजे तो गुरांना आणि माणसांना त्रास देत नाही. ह्याचं साल कोणी लिहून ठेवलेलं नाही म्हणून ते यादीत येत नाही, एवढंच कारण. लिहिण्याला इतकं महत्त्व द्यायची सवय आपल्यालाच लागलीये.

बाहेरच्या देशात बघा. ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी तिथे ५०,००० वर्षांच्या आसपास किंवा जास्तच काळ राहतायत, त्यांच्या कथा, गाणी आणि जागा एकमेकांत गुंतलेल्या. पश्चिमेकडच्या जूकन घळीतल्या गुहेत ४६,००० वर्षांपासून माणसांचा वावर होता, तिथे माणसाच्या केसांचा ४,००० वर्षं जुना विणलेला गोफ सापडला आणि त्यातला डीएनए आज त्या भागात राहणाऱ्या, त्या जागेला पवित्र मानणाऱ्या लोकांशी जुळला. मे २०२० मध्ये लोखंडाच्या खाणीसाठी ती गुहा सुरुंग लावून उडवली. कायद्याने परवानगी होती! उलुरूच्या बाबतीत तरी अनंगु लोकांचं ऐकलं गेलं, त्यांच्या त्या पवित्र खडकावर चढायला २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंदी आहे.

आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत 'इतर धर्म आणि पंथ' ह्या रकान्यात साधारण ७९ लाख लोक आहेत, त्यातले ४९ लाखांहून जास्त सरना, म्हणजे झारखंडकडच्या आदिवासींचा निसर्गपूजक धर्म, लिहिणारे. त्यांना वेगळा रकाना मिळावा असा ठराव झारखंडच्या विधानसभेने नोव्हेंबर २०२० मध्ये केला. तुमच्या वर्गातल्या मुलांकडून आजीची गाणी आणि वाघोबाची हकिकत लिहून घ्या, जमलं तर मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि आमच्याकडे पाठवा, आजीचं आणि मुलाचं नाव घालून छापू.

प्रश्न : जपानमधलं एक फार जुनं देऊळ दर २० वर्षांनी पाडून नवीन बांधतात असं ऐकलं. मग ते जुनं कसं? (ठाणे)

ते इसेचं देऊळ, शिंतो ह्या जपानच्या जुन्या धर्माचं. पहिल्यांदा असं ६९० साली केलं. शेजारी-शेजारी दोन जागा आहेत, एकीवर देऊळ उभं असतं आणि दुसरी रिकामी, मग रिकाम्या जागेवर हुबेहूब तसंच नवीन बांधतात, रात्री मिरवणुकीने देवीला तिथे नेतात आणि नंतर जुनं उतरवून त्याचं लाकूड दुसऱ्या देवळांना देतात. देवीची वस्त्रं, तलवारी, आरसे पण नवीन. २० वर्षांच्या ह्या अंतराचा फायदा असा की एका खेपेला उमेदवारी केलेला सुतार पुढच्या खेपेला मिस्त्री असतो आणि त्याच्या हाताखाली नवीन पोरं. मधे पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या लढायांच्या काळात शंभरावर वर्षं हे बंद पडलं होतं, पुन्हा सुरू केलं. ६२वी खेप २०१३ साली झाली, पुढची २०३३ ला आहे आणि तिचे लाकूडतोडीचे विधी २०२५ मध्येच सुरू झालेत.